बोट लागण्यावरचा कानामागचा पॅच: निवडीपासून काढून टाकण्यापर्यंत

गोव्यात बोटीवर नोकरी केलेला एखादा माणूस जवळजवळ प्रत्येक वाड्यावर सापडतो. तो सुट्टीवर घरी आला की त्याच्या बॅगेतून निघणाऱ्या औषधांत कधी कधी प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून कानामागे चिकटवायच्या छोट्या गोल पॅचची पाकिटेही असतात, आणि ‘आमच्या बोटीवर पाहुणे हेच लावतात, आईला पुण्याच्या बसमध्ये लावून दे’ अशा आपुलकीच्या सल्ल्यासह ती कोणाच्या तरी हातात ठेवली जातात. दिसायला हा पॅच इतका निरुपद्रवी असतो की त्याला औषध म्हणावे असे कोणाला वाटतच नाही. प्रत्यक्षात तो चिकटवण्याचे काम मिनिटाभराचे असले, तरी तो कोणाला चालतो हे आधी ठरवणे आणि तो अंगावर असताना व काढल्यावर काय सांभाळायचे हे जाणणे, यांतच त्याचा सगळा उपयोग आणि सगळा धोका आहे. म्हणून पुढील मार्गदर्शनात चिकटवण्याच्या कृतीपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्यांना अधिक जागा दिली आहे.

पॅचमध्ये काय असते

या पॅचमधील औषधाचे नाव स्कोपोलामाइन. त्यालाच हायोसिन असेही म्हणतात. धोतरा आणि खुरासानी ओवा यांसारख्या वनस्पतींत हा पदार्थ निसर्गतः आढळतो. महाशिवरात्रीला आपण शंकराला धोतऱ्याचे फूल वाहतो, पण त्याच झाडाचे बी पोटात गेले तर माणूस भ्रमिष्ट होतो आणि प्राणही गमावू शकतो, हे ग्रामीण भागातील जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते. पॅचमध्ये हाच पदार्थ अत्यंत अल्प आणि मोजून ठेवलेल्या प्रमाणात असतो. ‘मग झाडाचे पानच कानामागे बांधू’ असा विचार मात्र कोणी चुकूनही करू नये, कारण पानात किती औषध आहे आणि ते किती वेगाने अंगात जाईल, याचा कोणताही हिशेब तिथे नसतो.

प्रवासात मळमळ होण्याचे मुख्य कारण म्हणजे कान आणि डोळे यांनी मेंदूला दिलेल्या परस्परविरोधी वार्ता. बोटीच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, तर आतील कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर सतत हेलकावत असल्याचे सांगत असते. या विसंगतीतून आधी जांभया, मग घाम व तोंडाला पाणी सुटणे आणि शेवटी उलटी असा क्रम सुरू होतो. तोलाच्या केंद्राकडून उलटीच्या केंद्राकडे जाणाऱ्या संदेशांत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन काम करते. स्कोपोलामाइन त्या रसायनाची वाट अडवते, म्हणून मळमळ होत नाही. तेच रसायन लाळ, घाम, डोळ्याची बाहुली, मूत्राशय आणि आतडी यांच्या कामातही असल्यामुळे तिथेही अडथळा येतो. पॅचचे जवळजवळ सर्व दुष्परिणाम या एका वाक्यातून समजतात, आणि पुढे प्रत्येक सूचनेमागचे कारण शोधताना इथेच परत यावे लागते.

पॅचचा आकार सुमारे २.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. त्यात थर असतात: वरचे संरक्षक आवरण, त्याखाली औषधाचा साठा, मग औषध ठरावीक वेगानेच बाहेर सोडणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि शेवटी चिकट थर. तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत, सुमारे १ मिलिग्रॅम औषध त्वचेतून रक्तात जाते. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि त्वचेवाटे औषध देणारा तिथला तो पहिलाच मान्यताप्राप्त पॅच ठरला. कानामागचीच जागा ठरवण्याचे कारण असे की तेथील त्वचा औषध सहज आत घेते.

आपल्या प्रवासाला तो खरोखर हवा आहे का

माझ्या मते पॅचचा विचार करणाऱ्या बहुतेकांना पॅचची गरज नसते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी कशाचीच गरज नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटातून बेळगावला जाताना ज्यांना गाडी लागते, त्यांचा त्रास वळणांच्या तासा-दीड तासापुरता असतो; त्यासाठी तीन दिवस अंगात राहणारे औषध घेणे हा अतिरेक आहे. अशा प्रवासाला पुढची खिडकीची जागा, मोबाइलमध्ये डोके न घालणे, दूरच्या डोंगराकडे नजर ठेवणे, रिकाम्या पोटी न निघता पेज किंवा कोरडी पोळी यांसारखे हलके काही खाणे आणि फार तर डॉक्टरांनी सांगितलेली एखादी गोळी एवढे पुरते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या ॲव्होमिनसारख्या गोळीत प्रोमेथाझिन असते. तिने झोप येते, पण तिचा अंमल पॅचच्या मानाने लवकर उतरतो.

पॅच उपयोगी पडतो तो दीर्घ आणि सलग हेलकाव्यांच्या प्रवासात. मुंबई-गोवा क्रूझची रात्र, कोचीहून लक्षद्वीपला जाणारे जहाज, चेन्नईहून अंदमानला जाणारा तीन-चार दिवसांचा सागरी प्रवास, किंवा मालीम अथवा कुटबण जेटीवरून खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरवर पाहणीसाठी निघालेल्या अभ्यासकाची फेरी, अशी त्याची खरी क्षेत्रे आहेत. अशा ठिकाणी उलटी सुरू झाल्यावर पोटात गोळी टिकत नाही, आणि दर काही तासांनी गोळी आठवणीने घेणेही जमत नाही. पोटाला वळसा घालून औषध सलग पुरवणे हे पॅचचे वैशिष्ट्य अशा वेळीच कामी येते. ग्रँड आयलंडची अर्ध्या दिवसाची सहल मध्ये कुठेतरी येते: ज्याला किनाऱ्यावर नांगरलेल्या होडीतही मळमळते, त्याने डॉक्टरांशी बोलून पॅच विचारात घ्यावा, पण तिथे पाण्यात उतरायचे असेल तर प्रश्न बदलतो, त्याविषयी पुढे येईल.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पॅच हा प्रतिबंधाचा उपाय आहे. उलट्या सुरू झाल्यावर घाईघाईने लावलेला पॅच त्या वेळी काहीच करत नाही, कारण त्याचा परिणाम जाणवण्यास काही तास लागतात.

कोणी तो लावू नये

ही पायरी वगळून पुढे जाणे म्हणजे औषध नव्हे, जुगार आहे.

ज्यांच्या डोळ्यांत बंद कोनाचा काचबिंदू आहे, त्यांनी हा पॅच लावायचाच नाही. औषधामुळे बाहुली मोठी होते, डोळ्यातील पाण्याचा निचरा होण्याचा अरुंद कोन पूर्ण मिटतो आणि काही तासांत डोळ्यातील दाब इतका चढतो की दृष्टी कायमची जाऊ शकते. अडचण अशी की असा अरुंद कोन असलेल्या कित्येकांना त्याची कल्पनाच नसते, कारण झटका येईपर्यंत डोळा दुखत नाही. वय पन्नाशीच्या पुढे असेल, जवळच्याबरोबर दूरचाही प्लस नंबरचा चष्मा असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू झालेला असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा कोन एकदा तपासून घ्यावा आणि मगच पॅचचा विचार करावा. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्यांनीही नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो लावू नये. स्कोपोलामाइनची किंवा त्याच्याच कुळातील बेलाडोना वर्गाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही तो वर्ज्य आहे.

लहान मुलांसाठी हा पॅच मान्यताप्राप्त नाही. गाडी लागण्याचा त्रास सर्वाधिक होतो तो साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना, त्यामुळे आईवडिलांचा मोह समजण्यासारखा आहे, पण मुले या औषधाला फार संवेदनशील असतात. ‘अर्धा कापून लावू’ ही पळवाट तर अधिकच वाईट, कारण कापल्यावर औषध रोखून धरणारा पडदाच फाटतो आणि मोजून मिळणाऱ्या औषधाचा वेग कोणाच्याच हाती राहत नाही. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वृद्धांच्या बाबतीत डॉक्टर सहसा हात आखडता घेतात, आणि ते योग्यच आहे. या औषधाने साठीच्या पुढच्या माणसाला गोंधळल्यासारखे होणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, तोल जाऊन पडणे असे प्रकार होऊ शकतात. काशी किंवा रामेश्वरच्या यात्रेला निघालेल्या आजींना बसमध्ये कोणी प्रेमाने पॅच लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या नातवंडांना ओळखेनाशा झाल्या, तर घरचे लोक अर्धांगवायूच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या भीतीने धावाधाव करतील. कानामागचा पॅच कोणाच्या लक्षातही येणार नाही. स्मृतिभ्रंश आधीच असेल तर हा पर्याय डॉक्टरांपुढे मांडण्याचीही गरज नाही असे मला वाटते.

याखेरीज प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडखळणारे पुरुष, आतड्यात अडथळ्याचा त्रास असलेले, आकडी येणारे, पूर्वी मानसिक आजार झालेले, तसेच यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांनी आपली स्थिती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनीही विचारल्याशिवाय तो वापरू नये, कारण हे औषध आईच्या दुधात उतरते.

डॉक्टरांकडे आणि फार्मसीत

प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि जाताना घरात चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटेच बरोबर न्यावीत. तोंडी सांगताना माणूस रक्तदाबाची गोळी सांगतो, पण महत्त्वाचे तेच विसरतो. पॅचच्या जोडीला झोप आणणारी किंवा तोंड कोरडे पाडणारी दुसरी औषधे आली की परिणाम एकमेकांत मिसळून वाढतात: झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यासाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलीन, कंपवातासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, वारंवार लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडीन, आणि पोटात किंवा पाळीत कळ आली की सर्रास घेतली जाणारी डायसायक्लोमिनयुक्त गोळी. शेवटची गोळी बहुतेक घरांत चिठ्ठीशिवाय घेतली जाते, म्हणून तिचा उल्लेख आवर्जून करावा. पॅच लावलेला असताना वर ‘सुरक्षेसाठी’ ॲव्होमिन घेणे हाही असाच दुहेरी डोस होतो.

हा पॅच प्रत्येक फार्मसीत हजर असेल असे गृहीत धरू नये. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मोठ्या फार्मसीत आधी चौकशी करावी, आणि तो मिळाला नाही तर पर्याय डॉक्टरांनाच विचारावा. या टप्प्यावर दोन गफलती हमखास होतात.

पहिली गफलत नावाच्या साधर्म्यातून होते. बुस्कोपॅन या नावाने मिळणाऱ्या गोळीत हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड असते. नावात हायोसिन असले तरी हा वेगळा क्षार आहे. तो पोटातील मुरड्यांवर काम करतो, मेंदूत फारसा पोहोचत नाही आणि म्हणून बोट लागण्यावर उपयोगी पडत नाही. त्याचप्रमाणे उलटीवर म्हणून सर्वांना माहीत असलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी पोट बिघडल्यावर चांगली चालते, पण हेलकाव्यांच्या मळमळीवर तिचा फारसा गुण येत नाही.

दुसरी गफलत ऑनलाइन खरेदीत होते. ‘मोशन सिकनेस पॅच’ असा शोध घेतला की आले, पुदिना किंवा इतर वनस्पतींचे अर्क असलेले, कानामागे किंवा बेंबीवर लावायचे स्टिकर दिसतात. त्यांच्या खोक्यावरचे चित्र औषधी पॅचसारखेच असते, पण त्यांत स्कोपोलामाइन नसते. म्हणून पाकिटावर औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का, हे वाचूनच पैसे द्यावेत. यांपैकी एखादी गोष्ट छापलेली नसेल तर ते खोके परत करावे.

केव्हा आणि कसा लावावा

प्रवास सुरू होण्यापूर्वी किमान चार तास आधी पॅच लावायचा असतो. रक्तातील औषधाचे प्रमाण सरासरी पहिल्या चोवीस तासांत कळसाला पोहोचते, त्यामुळे सकाळी सहाला बोटीवर चढायचे असेल तर पहाटे दोनचा गजर लावण्यापेक्षा आदल्या रात्री जेवण झाल्यावर, झोपण्यापूर्वी तो लावलेला चांगला. पहिल्यांदाच वापरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून एखाद्या निवांत सुट्टीच्या दिवशी घरीच तो लावून पाहावा. झोप किती येते, अक्षरे पुसट दिसतात का, हे घरच्या सोप्यावर कळलेले बरे. समुद्रात मध्यावर कळून उपयोग नाही.

जागा निवडताना कानामागचा, केस नसलेला, सपाट भाग घ्यावा. तिथे ओरखडा, पुरळ, जखम किंवा दुखरेपणा असू नये. आपल्याकडे एक व्यावहारिक अडचण अशी की कानामागे खोबरेल तेलाचा अंश जवळजवळ नेहमीच असतो, आणि उन्हाळ्यात त्यात घाम आणि अत्तर यांची भर पडते. म्हणून ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करावी आणि त्यावर पावडर, क्रीम किंवा तेल लावू नये. चष्म्याची काडी, श्रवणयंत्र किंवा मास्कची दोरी नेमकी कुठे टेकते ते आधी बोटाने पाहून घ्यावे आणि त्यापासून थोडी बाजूची जागा धरावी.

आता पाकीट फाडून पॅच बाहेर काढावा. एका बाजूला फिकट तपकिरी आवरण दिसते आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक, षटकोनी, पॅचपेक्षा मोठे प्लास्टिक असते. ते प्लास्टिक सोलून काढावे, चिकट बाजूला शक्यतो बोट लागू न देता पॅच कडेने धरावा, ठरवलेल्या जागी टेकवावा आणि बोटाच्या पेराने काही क्षण घट्ट दाबून सर्व कडा नीट बसल्या आहेत याची खात्री करावी. एका वेळी एकच पॅच लावायचा. दुसऱ्या कानामागे ‘जोडी’ लावल्याने गुण दुप्पट होत नाही, दुष्परिणाम मात्र होतात.

यानंतर लगेच, आणि इथे ‘लगेच’ हा शब्द अक्षरशः घ्यावा, दोन्ही हात साबणाने व पाण्याने धुवावेत. दुसऱ्याला पॅच लावून देणाऱ्यानेही ते धुवायचे आहेत. बोटावर राहिलेला औषधाचा सूक्ष्म अंश डोळा चोळताना आत गेला की त्या एका डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही आणि जवळचे वाचता येत नाही. एकाच डोळ्याची बाहुली अशी ताणलेली दिसली की कोणत्याही डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूतील रक्तस्रावाची शंका येते, आणि रुग्णाने पॅचविषयी सांगितले नाही तर नको त्या तपासण्यांच्या चक्रात तो अडकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी हा क्रम उलटा ठेवावा: आधी लेन्स घालाव्यात, मग पॅच लावावा. पॅच लावल्याची तारीख आणि वेळ फोनमध्ये किंवा तिकिटाच्या मागे लिहून ठेवावी, कारण तिसऱ्या दिवशी ती कोणालाच आठवत नाही.

पॅच अंगावर असताना

तोंडाला कोरड पडणे हा सर्वांत नेहमीचा परिणाम. बऱ्याच जणांना तो होतो आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. थोडे थोडे पाणी पीत राहावे, आमसुलाचा तुकडा तोंडात धरावा. पेंग येणे आणि जवळचे अस्पष्ट दिसणे हेही होऊ शकते. त्यामुळे पॅच अंगावर असताना गाडी चालवू नये, आणि यात दुचाकीही आली. विमानतळावर किंवा बंदरावर उतरून भाड्याची स्कूटर घेण्याचा बेत असेल, तर तो आधीच बदलावा. मागे बसून जायचे असले तरी हेल्मेट घालता-काढताना त्याच्या अस्तराला घासून पॅच सुटतो, म्हणून तो प्रत्येक वेळी चाचपून पाहावा आणि चाचपल्यावर पुन्हा हात धुवावेत.

मद्य पूर्ण वर्ज्य. क्रूझवर बार उघडा असतो आणि गोव्याच्या मुशाफिरीत फेणीचा आग्रह कुठून तरी होतोच, परंतु मद्य आणि स्कोपोलामाइन दोन्ही मेंदूला मंद करतात, आणि हलत्या डेकवर त्या दोहोंचा योग कठड्यापाशी महागात पडतो.

आंघोळ करताना थोडे पाणी उडाले तर बिघडत नाही, मात्र फार वेळ पाण्यात राहिल्यास पॅच निसटतो. पोहणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, आणि स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी तर अधिकच करावा, कारण पाण्याखाली पेंग येणे, नजर अंधूक होणे किंवा दिशा न कळणे हे जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी घातक असते. डायव्हिंग करायचे असेल तर पॅचविषयी डॉक्टरांना आणि डायव्हिंगच्या प्रशिक्षकाला दोघांनाही आधी सांगावे, आणि त्यांनी नको म्हटले तर तो हट्ट सोडावा. पॅच आपोआप गळून पडला तर तोच परत चिकटवू नये. तो टाकून द्यावा आणि गरज असल्यास नवा पॅच दुसऱ्या कानामागे लावावा.

गोव्यासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना उष्म्याची आहे. हे औषध घाम कमी करते, आणि घाम हाच दमट किनाऱ्यावर शरीर थंड ठेवण्याचा मार्ग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये या पॅचबाबत खास इशारा दिला: शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढण्याचे गंभीर प्रकार नोंदले गेले, त्यांतले बहुतेक १७ वर्षे वा त्याखालील मुलांत आणि साठीच्या पुढच्या व्यक्तींत होते आणि बहुतांश पहिला पॅच लावल्यापासून ७२ तासांच्या आत घडले. एप्रिल-मे मध्ये किंवा ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या होडीवर तासन्‌तास बसणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यावे. सावलीत राहावे, पाणी पीत राहावे, पॅचवर गरम शेक किंवा हीटिंग पॅड येऊ देऊ नये. अंग तापले आहे पण घाम येत नाही, त्वचा लाल व कोरडी झाली आहे, बोलणे असंबद्ध होते आहे, असे दिसताच पॅच काढावा, माणसाला सावलीत आणावे, ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इतरही काही लक्षणांत वाट पाहू नये. डोळा दुखून लाल होणे व दिव्यांभोवती वलये दिसणे, लघवी अडकणे, भास होणे, फार गोंधळणे, आकडी येणे, यांपैकी काहीही झाले तर पॅच काढून तातडीने डॉक्टरांकडे जावे. शेवटचा मुद्दा थोडा आडवाटेचा, पण उपयोगी: काही पॅचच्या आवरणात ॲल्युमिनियमचा थर असतो आणि एमआरआय यंत्रात तो तापून त्वचा भाजू शकते. प्रवासात अपघात होऊन अशी तपासणी करण्याची वेळ आली, तर पॅच आधी काढायला सांगावे. केसांखाली तो तंत्रज्ञाला दिसेलच असे नाही.

काढताना आणि काढल्यानंतर

प्रवास तीन दिवसांच्या आत संपला तर मुदतीची वाट न पाहता पॅच काढून टाकावा. ‘पैसे दिले आहेत, पूर्ण वापरू’ हा विचार इथे करू नये. प्रवास त्याहून लांबला तर ७२ तासांनी जुना काढून नवा दुसऱ्या कानामागे लावावा, पण जुना काढल्याशिवाय नवा कधीही लावू नये. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेले असते. तो चिकट बाजू आत ठेवून दुमडावा आणि मुले, कुत्री, मांजरे यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा झाकणाच्या कचरापेटीत टाकावा. बोटीवरून समुद्रात किंवा बसच्या सीटखाली टाकू नये. मग हात आणि कानामागची जागा साबणाने धुवावी.

पॅच काढला म्हणजे औषध संपले असे नाही. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे साडेनऊ तास लागतात, म्हणून त्या दिवशी स्टिअरिंगपासून दूर राहणे आणि मद्य टाळणे हेच शहाणपणाचे. काही दिवस सलग वापरलेला पॅच थांबवल्यावर साधारण चोवीस तासांनी किंवा त्यानंतर चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पोटात मुरडा, अशक्तपणा असा त्रास काहींना होतो. बंदरावर उतरून दोन दिवस झाले तरी जमीन हलते आहे असे वाटू लागले की लोक नवा पॅच लावून मोकळे होतात. तसे करू नये. त्रास सहसा काही दिवसांत ओसरतो, आणि जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवताना पॅच किती दिवस लावला होता आणि केव्हा काढला, हे लिहून ठेवलेले टिपण सोबत न्यावे.

न वापरलेले पॅच त्यांच्या मूळ बंद पाकिटातच, पाकीट न वाकवता वा गुंडाळता, उभे ठेवावेत. त्यांना २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात किंवा स्वयंपाकघरातील ओट्याशेजारच्या फडताळात ते ठेवू नयेत. आतल्या खोलीतील बंद कपाटाचा वरचा कप्पा बरा. मुदत संपलेले पॅच वर सांगितल्याप्रमाणे दुमडून टाकावेत. शेजारच्या मावशी उद्या अंदमानला निघाल्या आहेत म्हणून उरलेला पॅच मागायला आल्या, तर त्यांना आधी नेत्रतज्ज्ञांकडे आणि मग त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे.